ऐकू न येणाऱ्या कामाचा सन्मान

२००९च्या फेब्रुवारीतील त्या सोमवारी सकाळी आम्ही वर्गात शिरलो ते मोठ्या उत्साहात. रसूल पूकुट्टी यांना ऑस्कर मिळाल्याची वार्ता नुकतीच आली होती. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी म्हणून त्यांच्यावर आमचा थोडा स्थानिक हक्कही होता. आम्ही फळ्यावर लिहिले: 'उत्कृष्ट ध्वनिसंकलन'. मागच्या बाकावरून एक मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, संकलन नाही, मिश्रण. संकलनाचं 'द डार्क नाइट'ला गेलं." आम्ही हसून म्हणालो, "अरे, ध्वनी तो ध्वनीच!"

उपमा आणि उत्प्रेक्षा यांत गल्लत केली म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे गुण कापले, त्यांच्या तोंडी हे वाक्य! ते आजही आम्हाला बोचते. 'स्लमडॉग मिलियनेअर'ला संकलनाचेही नामांकन होते आणि तिथे तो चित्रपट हरला होता, हे तर आम्हाला घरी येऊन शोधल्यावर कळले.

फरक वास्तविक अवघड नाही. ध्वनिसंकलक प्रत्येक आवाज निवडतो, नसेल तर निर्माण करतो, कापतो आणि नेमक्या क्षणी बसवतो. संवाद, संगीत आणि हे सारे आवाज कोणत्या प्रमाणात ऐकू यावेत, हे मिश्रणकार ठरवतो. पहिल्याचे काम जितके चांगले, तितके ते प्रेक्षकाला नैसर्गिक वाटते, म्हणजेच जाणवत नाही. मुद्रितशोधकाची आठवण आपल्याला चूक सापडल्यावरच होते, तसेच हे.

म्हणूनच की काय, या कामाच्या पुरस्काराचा इतिहास विलक्षण चंचल आहे. ध्वनिमुद्रणाचे पहिले ऑस्कर १९३० साली 'द बिग हाउस'ला मिळाले, तेही स्टुडिओच्या ध्वनिविभागाच्या नावे. ध्वनिपरिणामांसाठी स्वतंत्र पुरस्कार उजाडायला १९६३चे चित्रपट यावे लागले. 'इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड', मग 'गोल्डफिंगर', अशी पाच वर्षे गेली आणि १९६७च्या चित्रपटांनंतर तो गुंडाळला गेला. पुढे मनात आले की 'विशेष कामगिरी' म्हणून द्यायचा, नाही तर नाही. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधील यंत्रमानव आणि परग्रहवासी यांच्या आवाजांसाठी बेन बर्ट यांना तो असाच मिळाला. प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या नळीची गुणगुण एकत्र करून प्रकाशाच्या तलवारीला आवाज देणारा हा माणूस! अशा कामासाठी नियमित रकाना मात्र नव्हता.

'द ब्लॅक स्टॅलियन'ची हकीकत आम्हाला सर्वांत बोलकी वाटते. अ‍ॅलन स्प्लेट यांच्या चमूने घोड्याच्या अंगाला मायक्रोफोन बांधून त्याचा श्वास आणि टापा टिपल्या. १९८०च्या सोहळ्यात त्यांना विशेष पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ते हजर नव्हते, आणि सूत्रसंचालक जॉनी कार्सन यांनी त्या गैरहजेरीवर रात्रभर विनोद केले. सभागृह हसले. नाव सर्वांच्या कानी पडले ते घोड्याच्या श्वासामुळे नव्हे. १९८४च्या 'द रिव्हर'साठी के रोझ या ध्वनिसंकलनाचे ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. तोही विशेष पुरस्कारच.

पुढे हा पुरस्कार स्थिरावला. २०००च्या चित्रपटांपासून 'परिणाम' हा शब्द गळून निव्वळ 'ध्वनिसंकलन' असे त्याचे नाव झाले. पण २०२० साली अकादमीने संकलन आणि मिश्रण एकत्र करण्याचे ठरवले, आणि पुढच्या वर्षी 'साउंड ऑफ मेटल'ला एकच 'ध्वनी' पुरस्कार मिळाला. आता दोन्ही कामे एकाच संगणकावर एकमेकांत मिसळतात, हा युक्तिवाद खोटा नाही. तरीही एक शब्द पुसला गेला, याचे आम्हा भाषेच्या माणसांना वाईट वाटते. २०२२ साली तर 'ध्वनी'सह आठ पुरस्कार थेट प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वीच उरकण्यात आले. असो.

आपल्याकडे वेगळे काय घडले? राष्ट्रीय पुरस्कारांत ध्वनीचे काही काळ तीन भाग होते: चित्रीकरणस्थळीचे मुद्रण, ध्वनिरचना आणि अंतिम मिश्रण. आम्हाला ही विभागणी ऑस्करपेक्षाही सूक्ष्म वाटे. २०२२ साली जाहीर झालेल्या पुरस्कारांत, स्थळावरच ध्वनी टिपलेल्या चित्रपटांसाठी राखलेला सन्मान 'डोळ्ळू' या कन्नड चित्रपटाला मिळाला. मग त्याच्याच ध्वनिरचनाकाराने सांगितले की चित्रपट डब केलेला आहे. पूकुट्टी यांनीही ही विसंगती जाहीरपणे दाखवून दिली.

ती बातमी वाचताना आम्हाला आमचा फळा आठवला. परीक्षकांना हसण्याचा अधिकार आम्ही २००९ सालीच गमावला होता.

२०२४ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिन्हींच्या जागी 'ध्वनिरचना' हा एकच पुरस्कार उरला. आम्ही अजून वर्गात संकलन आणि मिश्रण हे शब्द वेगवेगळे लिहितो. परवा एका मुलीने विचारले, "सर, बक्षीस एकच असेल तर दोन शब्द पाठ कशाला करायचे?" आम्ही 'द ब्लॅक स्टॅलियन' लावला, पडदा झाकला आणि तिला नुसते ऐकायला सांगितले.