हुकमी खेळाडू कुठून येतो?

राजूर, ता. अकोले

चि. भाच्यास,

सतत हरणाऱ्या संघाकडे हुकमी खेळाडू येण्याच्या वाटा मोजक्याच असतात. एक तर पैसे मोजून तो आणायचा, नाही तर घरच्या मैदानावर घडवायचा. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये तिसरी वाट नियमानेच ठेवलेली आहे. तिथे नव्या खेळाडूंची निवड करताना तळाच्या संघांना आधी निवडण्याची जास्त संधी मिळते. सॅन अँटोनियो स्पर्सने १९९६-९७ च्या हंगामात ८२ पैकी फक्त २० सामने जिंकले आणि १९९७ मध्ये पहिल्या क्रमांकाने टिम डंकनला निवडले. पण पुढची विजेतेपदे एकट्या डंकनची नव्हती. मनू जिनोबिली १९९९ मध्ये ५७ व्या आणि टोनी पार्कर २००१ मध्ये २८ व्या क्रमांकावर, म्हणजे इतरांनी सोडून दिल्यावर, त्याच संघाला मिळाले होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे जवळचे उदाहरण कबड्डीत सापडते. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. तिच्यात तळाच्या संघाला अशी सवलत नाही. खेळाडू लिलावात घ्यावे लागतात आणि प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा असते. दहाव्या हंगामात ती पाच कोटी रुपये होती. मागच्या हंगामातले काही खेळाडू संघ राखू शकतो. शिवाय लिलावाबाहेर, अगदी कमी मानधनावर, नवे तरुण खेळाडू करारबद्ध करता येतात. दुबळ्या संघाला सावरण्याची खरी संधी या शेवटच्या तरतुदीत आहे.

या लीगमधली पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला राहिली. तिसऱ्या हंगामात बंगळुरूहून आलेल्या मनजीत छिल्लरच्या नेतृत्वाखाली संघ तिसरा आला. नावाजलेला खेळाडू आणला की संघ लगेच वर येतो, हे त्यातून दिसले. मात्र ती उंची टिकली नाही. नामवंत येत गेले, जात गेले, आणि सातव्या हंगामात बारा संघांत पलटण दहावी होती.

वळण आले आठव्या हंगामात. राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही मोठी नावे संघात होती. पण मैदान गाजवले लिलावाबाहेरून आलेल्या दोन कोवळ्या पोरांनी. त्यातला एक अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि दुसरा हरियाणाचा मोहित गोयत. दोघेही चढाईला जात आणि परत येऊन पकडही करत. प्रशिक्षक अनुपकुमारने त्यांना सामन्यामागून सामना खेळवले. पंकज मोहिते त्याआधीच संघात होता, आणि नाशिकचा आकाश शिंदेही याच पिढीतला. नवव्या हंगामापासून प्रशिक्षकपद बी. सी. रमेश यांच्याकडे आले. २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला त्यांनी विजेतेपद मिळवून दिले होते. नवव्या हंगामात पलटण अंतिम फेरीत जयपूरकडून २९-३३ अशी हरली. संघ तयार झाला होता. कमी होती ती एका भिंतीची.

ती भिंत दहाव्या हंगामाच्या लिलावात मिळाली. इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलूई याच्यासाठी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले. त्याच लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. दोन्ही संघांनी पाच कोटींच्या थैलीतला जवळजवळ निम्मा पैसा एकेका माणसावर लावला. पुढे टायटन्सने २२ पैकी दोनच सामने जिंकले आणि संघ तळाला गेला. पलटणने १७ जिंकले, दोनच गमावले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले.

किंमत जवळपास सारखी असताना निकाल इतका वेगळा का लागला, याचे उत्तर उरलेल्या अर्ध्या थैलीत आहे. पवन खोऱ्याने गुण मिळवत होता, पण तो बाद होऊन बाहेर बसला की संघ थंड पडे. पुण्याकडे कमी मानधनावर राखलेले, एकमेकांची सवय झालेले तीन-चार चढाईपटू होते. त्या हंगामात चढाईच्या गुणांत पहिला क्रमांक पुण्याच्या कुणाचाच नव्हता, कारण ओझे वाटलेले होते. अंतिम सामन्यात पारडे फिरवले ते पंकज मोहितेच्या चार गुणांच्या एका चढाईने. शादलूई सर्वोत्तम बचावपटू ठरला, अस्लम हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. महागडा माणूस उभ्या घरावर कळस म्हणून आला होता.

विकत घेतलेला खेळाडू टिकत नाही, हेही लगेच दिसले. शादलूई पुढच्या लिलावात २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि हरियाणाने अकरावा हंगाम जिंकला. त्याच हंगामात अस्लम जखमी झाला आणि पलटण पहिल्या सहांतही आली नाही. घरचा गडी मात्र परत आला. २०२५ च्या हंगामात त्याच्याच नेतृत्वाखाली संघ पुन्हा अंतिम फेरीत पोचला.

चांगला खेळाडू हरणाऱ्या संघाकडे कशाच्या ओढीने येतो, हा प्रश्न वेगळा. त्याला तीन गोष्टी लागतात: मैदानात उतरण्याची खात्री, शिकवणारा माणूस आणि पोटाची सोय. जिंकणाऱ्या संघात नवखा पोरगा राखीव बाकावर बसतो, तर पडत्या संघात त्याला पहिल्याच वर्षी सात जणांत जागा मिळते. दुबळ्या संघाजवळ देण्यासारखी ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि तिला पैसा लागत नाही. पोटाची सोय महाराष्ट्राच्या कबड्डीत फार पूर्वीपासून नोकरीने केली आहे. भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, महिंद्र यांच्या संघांकडे खेळाडू वळले ते त्यामुळेच. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे स्पर्धेचे प्रमाणपत्र ही गरीब घरातल्या मुलासाठी शोभेची वस्तू उरत नाही.

राजूरसारख्या ठिकाणच्या संघाला हाच हिशेब लागू पडतो. राजूर हे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे ठिकाण आहे. आसपासच्या आश्रमशाळांतली मुले प्रकल्प, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होणाऱ्या स्पर्धांत कबड्डी, खो-खो खेळतात. डोंगर चढून-उतरून त्यांचा दम आणि पायांतली ताकद आपसूक तयार असते. गळती होते ती शाळा सुटल्यावर. वसतिगृह संपते, दोन वेळचे जेवण संपते, सरावही संपतो, आणि पोरगा कांदा लावायला नाही तर नाशिकच्या कारखान्यात जातो. गावच्या संघाने पहिले काम इथे करायचे असते: शाळेच्या स्पर्धा बघून चार मुले हेरणे, सुटल्यानंतरची दोन-तीन वर्षे त्यांचे जेवण आणि सराव सांभाळणे, मातीवरच्या पोराला मॅटची सवय लावणे आणि त्याला जिल्हा निवड चाचणीपर्यंत नेणे. बाहेरून एका स्पर्धेपुरता खेळाडू आणण्यात वर्गणी घालवायची ती यानंतर.

पाहुणा खेळाडू एखादा चषक मिळवून देतो. संघ उभा राहतो तो राखलेल्या पोरांवर.

कळावे,
मामा