दारूखान्यातली धूळ

'विक्रांत' ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. रे रोडजवळच्या दारूखान्यात तिचे तुकडे झाले. तिचं पोलाद वापरलेली मोटारसायकल २०१६ मध्ये बाजारात आली. लोकांनी ती अभिमानाने घेतली. मी व्यवसायजन्य आजारांचा डॉक्टर, त्यामुळे मला आधी ते पोलाद कापणारे आठवले. त्या पिढीच्या जहाजांत बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांभोवती सर्रास ॲस्बेस्टॉस गुंडाळत.

जहाजं तोडणारा जुना गॅस कटर ओपीडीत येतो तेव्हा तक्रार साधी असते. जिना चढताना दम लागतो, खोकला हटत नाही. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत टीबीच्या उपचारांची जुनी कार्डं असतात. कुणाचा कोर्स दोनदा झालेला असतो. पाठीवर अगदी खाली स्टेथोस्कोप ठेवून "काका, मोठा श्वास घ्या" म्हटलं की श्वासाच्या शेवटी बारीक चरचर ऐकू येते, कानाजवळ बोटांत केस चोळल्यासारखी. टीबी बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात घर करतो. ॲस्बेस्टोसिस तळापासून वर चढतो. एक्स-रे हातात असला तर फरक दिसतो, पण तो बघण्याआधी 'पूर्वी काय काम करायचात?' एवढं विचारावं लागतं. गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच राहून जातं. विचारलं तर उत्तर मिळतं : "भंगारात. नळ्यांवरचा पांढरा कापूस ओरबाडायचो, मग कापायचो."

तंतू छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत वीस ते चाळीस वर्षं जातात. तोवर ठेकेदार बदललेला असतो, माणूस उत्तर प्रदेशातल्या किंवा बिहारमधल्या गावी परतलेला असतो. गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जहाजं तोडली जातात. प्रचंड भरती-ओहोटीमुळे जहाज थेट वाळूत चढवता येतं, वेगळी गोदी लागत नाही. इथे जहाजतोडणी स्वस्त पडते त्याचं एक कारण ही वाळू. दुसरं कारण हे, की आजाराचं बिल दुसऱ्याच जिल्ह्यात, तिसऱ्याच नावाने फाटतं.

कायदे नाहीत असं नाही. घातक कचरा गरीब देशांत लोटू नये म्हणून १९८९ मध्ये बाझल करार झाला. जहाजमालकांनी त्यातून वाट काढली : जुनं जहाज मध्यस्थाला रोखीने विकायचं, शेवटच्या सफरीपुरता कोमोरोस किंवा पलाऊचा झेंडा लावायचा आणि नामानिराळं व्हायचं. फ्रान्सची युद्धनौका 'क्लेमान्सो' अलंगच्या वाटेवर असताना, ओरड झाल्यावर, २००६ मध्ये परत बोलावली गेली आणि अखेर इंग्लंडमध्ये तोडली गेली. युद्धनौका सरकारची असते, म्हणून ओरड कामी आली. मालवाहू जहाजासाठी ओरडणार कोणावर?

२६ जून २०२५ पासून जहाजतोडणीबद्दलचा हाँगकाँग करार लागू झाला आहे. आता तोडायला जाणाऱ्या मोठ्या व्यापारी जहाजासोबत घातक पदार्थांची यादी हवी. ॲस्बेस्टॉस कुठे, किती, सगळं लिहिलेलं. चांगलीच गोष्ट आहे. पण मला यादी हवी आहे ती माणसांची. ॲस्बेस्टॉसशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षं जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. ज्याचं नाव हजेरीपटावरच नाही, त्याची नोंद जपायची कुठून? नुकसानभरपाईच्या कायद्यात ॲस्बेस्टोसिस आहे, टीबी झालेल्या जहाजतोड्याला मात्र त्यातून काही मिळत नाही.

म्हणून मी हल्ली केसपेपरवर निदानाच्या आधी काम लिहितो : जहाजतोडणी, दारूखाना, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, काय कापलं. त्याखाली सही, शिक्का. रुग्णाला त्याच्या दोन प्रती काढायला सांगतो, एक घरी ठेवायला आणि एक गावाकडच्या डॉक्टरांसाठी.