शिबिर नको, देवळात ये

हिंगोली

चि. माईस,

गावात स्मृतिभ्रंशाचं शिबिर घ्यायचं म्हणतेस. घे, पण मंडप टाकून नको. दिवसभर बीपी मोजतात, केळी वाटतात, संध्याकाळी मंडप उतरतो. 'साठी बुद्धी नाठी' म्हणत आलेलं गाव एवढ्यानं काय हलणार?

त्यापेक्षा हरिपाठाला ये. हा नामदेवांच्या नर्सीचा जिल्हा. म्हातारी मंडळी देवळात जमतातच. चालत येणं, पाठांतर, टाळ, चार माणसांत बसणं, सगळं आयतं आहे. (हरिपाठानं विसर टळतो असं मात्र सांगू नकोस. अभंग तोंडपाठ असणारेही चळलेले मी पाहिलेत.) तू बघायचं ते कोण येईनासं झालं. ऐकू येत नाही म्हणून माणूस आधी पार सोडतो, मग देऊळ, मग बोलणं. 'लॅन्सेट'च्या आयोगानं २०२४ साली टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यात बहिरेपण आहे, एकटेपणही. सगळे आवरले तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज. म्हणून आधी कानातला मळ काढून बघ. मग मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे अर्ज भरून घे. पासष्टीपुढच्या गरिबांना चष्म्या-श्रवणयंत्रासाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. चांगलं यंत्र त्यात येत नाही, तो भाग वेगळा.

आशाताईंच्या फॉर्मात साठीपुढच्यांसाठी प्रश्न असतो: जवळच्यांची नावं, घरचा पत्ता विसरता का? उंबऱ्यावर, सुनेसमोर, 'हो' कोण म्हणेल? तोच देवळामागं बसून विचारला तर उत्तर येईल.

बायांचं दुखणं आणखी जुनं. लहानपणी शाळा न मिळणं हाही त्या चौदांतलाच एक धोका, आणि आपल्याकडच्या किती आज्या अंगठेबहाद्दर आहेत ते तुला ठाऊक आहे. मुरबाड तालुक्यात फांगण्याला योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा काढली. सत्तरीत बाराखडी गिरवून रोग टळतो असा माझा दावा नाही. पण दुपारी घराबाहेर पडून हसणारी म्हातारी मला दारात एकट्याच बसलेल्या म्हातारीपेक्षा बरी वाटते.

खरी मेख वेगळीच. बीपी, साखर, विडी यांचं नुकसान चाळिशीतच सुरू होतं. म्हणजे आजोबांना आणून सोडणारा मुलगाच तुझा खरा पेशंट. त्याला बाही वर करायला लाव. आणि हळदीची काढणी-शिजवणी उरकल्यावरच ये. त्याआधी तो हाती लागायचा नाही.

तुझा
मामा