रंकाळ्यावरचा सूर्यास्त



लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला बेचाळीस वर्षं झाली. आमच्या घरापासून रंकाळा चालत पंधरा मिनिटांवर. तरी रंकाळ्यावरचा सूर्यास्त मी परवाच्या रविवारी पहिल्यांदा पाहिला, असं सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल.

कारण तुमच्या-माझ्या घरातलंच आहे. आमच्याकडे रात्रीभोजन नाही. सासूबाईंचा नियम तर असा की सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी, ताटं उचललेली हवीत. थंडीत सव्वापाचला जेवणं आटपायची तर चारलाच कणीक मळायला घ्यावी लागते. हे दुकानातून येऊन जेवायचे आणि रंकाळ्यावर फेरी मारायला जायचे. मी मागचं आवरत ओट्यापाशी.

परवा मुलगा, सूनबाई आणि नातू पुण्याहून आले होते. सूनबाई नोकरी करते, त्यांची जेवणं रात्री नऊला होतात. मी कधी बोलत नाही, पण माझ्यानंतर या घरात हे पाळणार कोण, ही चिंता मनात असतेच.

रविवारी दुपारी बघते तर ती डबा भरत होती. चपात्या, दुधी भोपळ्याची भाजी, मुगाची खिचडी, शेंगदाण्याची चटणी, बाटल्यांत गाळलेलं पाणी. म्हणाली, "आई, सूर्यास्ताची वेळ मोबाइलवर बघितलीय. आज तुम्ही काठावरच जेवायचं आणि मग आपण सगळ्यांनी फिरायचं."

पाचच्या आत आमची जेवणं झाली. सूनबाईही माझ्याबरोबरच जेवली. नातवाला भेळेची गाडी दिसली, तो बापाला ओढत तिकडे गेला. मी अडवलं नाही.

आम्ही हळूहळू काठानं चालू लागलो. ऊन उतरलं, समोर शालिनी पॅलेसचा मनोरा काळा दिसू लागला आणि सगळं पाणी केशरी झालं. संध्यामठाच्या दगडांवर बगळे बसले होते. मी कठड्याला धरून उभीच राहिले.

हे शेजारी येऊन म्हणाले, "मी हे रोज बघायचो. तुला चल म्हणायचं कधी सुचलंच नाही."

बी.कॉम. झालेली मी, हिशेब आपोआप होतो. बेचाळीस वर्षांच्या पंधरा हजारांवर संध्याकाळी! राग आला, खोटं कशाला सांगू? पण चालता चालता एक चूक माझीही सापडली. या संध्याकाळी नियमापायी गेल्या, असं मी इतकी वर्षं मनातल्या मनात धरून होते. नियमानं तर फक्त जेवणाची वेळ सांगितली होती. नंतर ओट्यापाशी मी एकटीनंच उभं राहावं, असं त्यात कुठे होतं? ते आम्हीच ठरवलं होतं, आणि मीही कधी विचारलं नाही. सूनबाईनं एका डब्यात ते सोडवलं.

ती उद्या हे व्रत घेईल की नाही, ते तिचं ती ठरवेल. त्या दिवशी तिनं माझं व्रत सांभाळलं, एवढं मला पुष्कळ आहे.

घरी आल्यावर डबे यांनी घासले. तेलकटच राहिले होते, पण मी पुन्हा घासले नाहीत.

जय जिनेंद्र.