पाहणे आणि दिसणे

मराठी भाषेतील 'पाहणे' हे क्रियापद मोठे उदार आहे. आपण चित्रपट पाहतो, कोणाची वाट पाहतो, घरचे-दारचे पाहतो आणि लग्नाकरिता मुलगीही पाहतो. करमणूक, काळजी आणि बाजार ही तिन्ही एकाच शब्दाच्या पोटी सुखाने नांदतात. गेल्या दोन-तीन वर्षांत पुष्कळ मालिका व चित्रपट आमच्या दृष्टीखालून गेले. त्यांपैकी तीनच कृती मनात घर करून राहिल्या. एक विदर्भातील, दुसरी इंग्लंडातील व तिसरी जपानातील. परंतु माणूस डोळ्यांसमोर असूनही दिसत कसा नाही, हाच तिघींचा विषय आहे, असे आमचे मत झाले आहे.

पहिली कृती श्री. जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' हा चित्रपट. २०२३ साली टोरंटोच्या महोत्सवात त्यास नेटपॅक पारितोषिक मिळाले. आपल्याकडील चित्रपटगृहांत तो येण्यास मात्र ७ मार्च २०२५ उजाडला. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव हे त्याचे स्थान. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याची कन्या सविता हिला पुढे शिकावयाचे आहे. महाविद्यालयात तीस स्त्रियांच्या सबलीकरणाचे धडे मिळतात, आणि घरी पाहुणे आले की मधोमध बसवून नाव, शिक्षण, उंची, छंद असे तेच ते प्रश्न विचारतात. आरंभी सविता स्वप्नात आहे. तेथे बायका बसल्या आहेत आणि मुलाची परीक्षा चालली आहे. प्रेक्षकगृहात त्या वेळी मोठा हशा पिकतो. पुढे तोच देखावा सुलट होऊन पुनःपुन्हा येऊ लागतो, तसतसे ते हसू ओसरत जाते. दिग्दर्शकाने कोठेही टाहो फोडलेला नाही. त्याने केवळ पुनरावृत्ती केली, आणि या विषयात पुनरावृत्ती हाच खरा अत्याचार असल्यामुळे तेवढी पुरेशी झाली. बापाला खलपुरुष न करता कापसाचा भाव व लग्नाचा खर्च यांच्या कात्रीत सापडलेला साधा मनुष्य म्हणून दाखविले, हा या कृतीचा आम्हांस विशेष गुण वाटतो.

"हे खेड्यापाड्यांतले झाले, आमच्यात आता असे राहिले नाही," असे कित्येक वाचक म्हणतील. असे म्हणणाऱ्यांनी विवाहमंडळाच्या संकेतस्थळावरील रकाने एकदा सावकाश वाचावेत. तेथे उंची आहे, वर्ण आहे, गोत्र आहे, आणि पूर्वी नसलेला वार्षिक प्राप्तीचा आकडाही आहे. पोह्यांच्या बशीऐवजी उपाहारगृहातील कॉफी आली, इतकाच काय तो फरक. हा चित्रपट आम्ही सहकुटुंब पाहिला. त्या रात्री जेवताना आमच्या मातोश्रींनी, ज्यांचे वय आता चौऱ्यांशी आहे, आपण होऊन सांगितले की त्यांना सात ठिकाणी दाखविले होते. सहाव्या स्थळाने नकार कळविला तो वर्णावरून. पण त्याच मंडळींनी जाण्यापूर्वी पोहे मात्र दोनदा मागून घेतले होते. हे सांगताना त्या हसल्या, आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आमची कन्या, जिच्याकरिता सध्या घरात पत्रिकांची देवाणघेवाण चालू आहे, आपले पान सोडून आजीजवळ जाऊन बसली. ही हकीकत घरात कोणीच पूर्वी ऐकली नव्हती. साठ-पासष्ट वर्षे मुकी राहिलेली गोष्ट दोन तासांच्या चित्रपटाने बोलती केली, हे त्या कलेचे सामर्थ्य आम्ही सामान्य समजत नाही.

'स्थळ' येथे लागल्यावर आठवड्याच्या आतच, १३ मार्च २०२५ रोजी, नेटफ्लिक्सवर 'ॲडोलेसन्स' ही चार भागांची इंग्रजी मालिका आली. तेरा वर्षांच्या जेमी नामक मुलाने शाळेतील एका मुलीचा सुरीने खून केल्याचा आरोप आहे, आणि पहाटे पोलीस त्याच्या घराचे दार फोडून आत शिरतात, येथून कथेस आरंभ होतो. प्रत्येक भाग कोठेही न तोडता एका दमात चित्रित केला आहे. आम्हांस प्रथम ही केवळ कसरत वाटली; परंतु थोड्याच वेळात तिचे प्रयोजन कळले. चित्र तुटत नाही, म्हणून पाहणाऱ्यालाही तोंड फिरविता येत नाही. तिसऱ्या भागात एका खोलीत मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ स्त्री अशी दोघेच आहेत. क्षणात निरागस बाळ आणि क्षणात अंगावर धावून येणारा पुरुष, असे ते पोर आपल्यासमोर पालटत राहते. ओवेन कूपर या मुलास या भूमिकेबद्दल २०२५ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, एमी पारितोषिक मिळाले, ते सर्वथा योग्यच होय.

परंतु चटका लावतो तो चौथा भाग. नळकाम करून पोट भरणारा बाप आणि आई एकमेकांस विचारतात, आपले चुकले कोठे? मुलगा घरातच होता, आपल्या खोलीत होता, म्हणजे सुरक्षित होता, अशी त्यांची समजूत होती. दार लावलेल्या खोलीतून तो कोणत्या विषारी जगात वावरत होता, याची त्यांस कल्पना नव्हती. शाळेतील मुले एकमेकांस जी चित्रचिन्हे पाठवितात, त्यांचा अर्थ तपास करणाऱ्या अधिकाऱ्यालाही स्वतःच्या मुलाकडून समजून घ्यावा लागतो. इंग्लंडातील आईबाप क्रूर नाहीत, आळशी नाहीत. ते आपल्यासारखेच आहेत, आणि म्हणूनच भय वाटते. एक न्यून मात्र सांगितले पाहिजे. मारली गेलेली केटी आपणांस जवळजवळ दिसतच नाही. सर्वांना जेमीच आठवेल, तिला कोणी आठवणार नाही, अशी खंत मालिकेतील पोलीस अधिकारी स्त्रीच व्यक्त करते. पण खंत व्यक्त केल्याने उणीव भरून निघत नाही. ब्रिटनमधील माध्यमिक शाळांना ही मालिका विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली. आपल्याकडे पालकांनी ती आधी स्वतः पाहावी, आणि मग मोठ्या मुलांसह पुन्हा पाहावी.

तिसरी कृती जपानी ॲनिमे. हे नाव काढताच आमच्या पिढीतील गृहस्थ "ती मुलांची व्यंगचित्रे" म्हणून हात झटकतात. त्यांनी २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेली 'फ्रीरेन' ही अठ्ठावीस भागांची मालिका पाहावी. इतर कथा जेथे संपतात, तेथे हिचा आरंभ आहे. दैत्यराजाचा वध करून चौघे सोबती दहा वर्षांनी परत आले आहेत. त्यांतील फ्रीरेन ही मांत्रिक स्त्री हजारांहून अधिक वर्षे जगलेली. तिच्या लेखी दहा वर्षे म्हणजे एखादी दुपार. पन्नास वर्षांनी पुन्हा उल्कावर्षाव पाहू, असे सहज म्हणून ती निघून जाते. शब्दाप्रमाणे परत येते, तो नायक हिमेल म्हातारा झालेला. उल्का पाहून होतात. पुढे लवकरच तो मरतो. त्याला मूठमाती देताना ती एकाएकी रडू लागते: याच्याबरोबर दहा वर्षे चाललो, पण याला जाणून घेण्याचा यत्न का केला नाही?

पुढील सारा प्रवास या एका प्रश्नाचा आहे. हिमेलच्या गावचे निळे फूल शोधण्यात ती महिनेच्या महिने घालविते, आणि मेलेल्या सोबत्याची ओळख तिला अशी तुकड्यातुकड्यांनी होत जाते. उत्तरार्धातील मांत्रिकांची परीक्षा आम्हांस लांबलेली वाटली. झटापटी रुचणाऱ्यांस ती रुचेल. परंतु आरंभीच्या भागांतील संथपणा, काही न घडता केवळ ऋतू पालटत राहणे, हे अलीकडे दुर्मिळ झालेले धैर्य आहे. आम्ही रोज एकच भाग लावीत असू. एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू करण्याची जी सोय या यंत्रांत असते, ती आमच्या मते रसिकतेची शत्रू आहे. पानावरचा घास गिळण्यापूर्वीच दुसरा वाढणाऱ्या यजमानासारखी ती वागते.

दूरचित्रवाणीने आणि भ्रमणध्वनीने घरातले बोलणे संपविले, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते व ती निराधार नाही. तथापि पडदा बंद झाल्यावर कोणते बोलणे सुरू होते, यावरून कृतीची परीक्षा करावी असे आम्ही सुचवू. ज्या कृती बघून माणूस मुकाट्याने झोपी जातो, त्या करमणुकीच्या; त्यांसही घरात जागा असावी. पण ज्या पाहून शेजारी बसलेल्या माणसास काही विचारावेसे वाटते, त्यांची वाट पाहावी, त्यांकरिता वेळ राखून ठेवावा, आणि शक्य तर घरातील सर्वांत वृद्ध व सर्वांत तरुण अशा दोघांनाही बरोबर घेऊन त्या पाहाव्यात.