इझूच्या कातळकाठची उन्हाळी

टोकियोच्या नैर्ऋत्येला समुद्रात घुसलेला इझू द्वीपकल्प मुळात जपानचा नव्हता. दूर दक्षिणेकडे सागरतळाशी असलेले ज्वालामुखी भूपट्टाबरोबर उत्तरेला सरकत आले आणि होन्शू बेटाला भिडले. सुमारे ६ लाख वर्षांपूर्वी त्यातून हा द्वीपकल्प घडला. किनाऱ्यावरचे काळे कडे आणि गरम पाण्याचे झरे, दोन्हींचे मूळ त्या आगीतच आहे.

अतामी या पहिल्याच गावाच्या नावाचा अर्थ 'तापलेला समुद्र'. शोगुन म्हणजे लष्करी शासक असलेला तोकुगावा इएयासू १६०४ मध्ये इथे स्नानासाठी राहिला होता. पुढे इथले पाणी पिंपांत भरून एदोच्या म्हणजे आजच्या टोकियोच्या किल्ल्यात नेले जाई. मुख्य रेल्वेमार्ग अतामीला आला तो १९३४ मध्ये, तान्ना बोगद्यातून. १६ वर्षे चाललेल्या त्या कामात ६७ माणसे गेली आणि वरच्या तान्ना खोऱ्यातले पाणी बोगद्याकडे झिरपून भातशेती कोरडी पडली. अतामीच्या भरभराटीची ही किंमत विसरण्याजोगी नाही.

पुढे इतो. तिथले तोकाइकान हे १९२८ चे तीन मजली लाकडी विश्रामगृह पाहुण्यांसाठी १९९७ मध्ये बंद झाले. ते आता नगराचे संग्रहालय आहे. त्याच्या दक्षिणेला जोगासाकीचे कडे आहेत. ओमुरो डोंगराचा लाव्हा ४ हजार वर्षांपूर्वी समुद्रात उतरून थिजला, त्याचे हे खडक. त्यांच्यावरून २३ मीटर उंचीवर ४८ मीटरचा झुलता पूल जातो.

याच किनाऱ्यावर पुढे होक्कावा गावात तर स्नानाचे कुंड थेट खडकांत, लाटांच्या शेजारी आहे. समुद्र खवळला की ते बंद ठेवतात. पारंपरिक विश्रामगृहातला म्हणजे र्‍योकानमधला मुक्काम या स्नानाभोवतीच फिरतो. आल्यावर युकाता हा सुती झगा घालायचा, कुंडाबाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे, मगच कुंडात उतरायचे. कुंडातले पाणी सगळ्यांचे असल्याने तिथे साबण चालत नाही. रात्री तातामीच्या चटयांवर गाद्या अंथरल्या जातात. भाडे बहुधा माणशी असते, त्यात रात्रीचे जेवण आणि न्याहारी आलीच.

टोकाचे शिमोदा बंदर १८५४ च्या करारान्वये अमेरिकी जहाजांना खुले झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्सुनामीने गाव उद्ध्वस्त केले. गाव पुन्हा उभे राहिले आणि १८५६ मध्ये तिथल्या ग्योकुसेन्जी मंदिरात पहिली अमेरिकी वकिलात थाटली गेली. १८५९ मध्ये योकोहामा खुले झाले आणि परदेशी व्यापार तिकडे वळला. इतोहून रेल्वे इथवर यायला १९६१ उजाडले. आज इथल्या विश्रामगृहांत संध्याकाळच्या ताटात सोया सॉसमध्ये शिजवलेला लालभडक किन्मेदाई मासा येतो.