भारताचा पहिला कसोटी यष्टिरक्षक : जनार्दन नवले

२५ जून १९३२, लॉर्ड्स. भारताचा पहिला कसोटी सामना. इंग्लंडची ३ बाद १९ ही अवस्था आणि महंमद निसारचा वेग यांचे वर्णन वारंवार होते. त्या वेगासमोर यष्टींमागे उभा असलेला पुण्याचा जनार्दन ज्ञानोबा नवले मात्र बहुतेक वर्णनांत एका ओळीत उरकला जातो.

नवले यांचा जन्म १९०२ साली फुलगावचा. वयाच्या सोळाव्या वर्षी ते मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून उतरले. यष्टींमागची त्यांची चपळाई इंग्लंडच्या दौऱ्यात तिथल्या जाणकारांनीही वाखाणली.

लॉर्ड्सवर इंग्लंडचा डाव २५९ धावांत आटोपला. सी. के. नायडूंच्या गोलंदाजीवर ७९ धावांवर खेळणाऱ्या जार्डिनचा झेल नवले यांनीच घेतला. त्यानंतर, त्याच दिवशी, नऊमल जेऊमल यांच्यासह ते सलामीला आले आणि कसोटीत भारताच्या वाट्याला आलेला पहिला चेंडू खेळले. संपूर्ण डाव यष्टींमागे वाकून काढलेल्या माणसाला लगेच नव्या चेंडूसमोर पाठवणे आज कोणत्याही संघाला सहसा रुचणार नाही. धावा १२ आणि १३. आकडे किरकोळ खरे. पण समोर बोज आणि व्होस होते.

दुसरी संधी डिसेंबर १९३३ मध्ये, मुंबईच्या जिमखाना मैदानावर. तो सामना लाला अमरनाथांच्या शतकाचा म्हणूनच ओळखला जातो. नवले १३ आणि ४. पुढच्या, कलकत्त्याच्या कसोटीत यष्टिरक्षण दिलावर हुसेन यांच्याकडे गेले. त्यांनी दोन्ही डावांत अर्धशतके केली. स्पर्धा तिथेच मिटली. दोन कसोटी, ४२ धावा, एक झेल.

त्या काळी क्रिकेट संस्थानिकांच्या आश्रयावर चाले. आश्रय संपला की खेळाडूच्या हाती काही उरत नसे. नियामक मंडळ १९२८ पासून अस्तित्वात होते, पण माजी खेळाडूंसाठी निवृत्तिवेतनाची योजना नवले यांच्या हयातीत आली नाही. उत्तरायुष्यात त्यांनी एका साखर कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी केली. पुण्यात दोन खोल्यांच्या घरात ते राहत. याहून भडक आख्यायिकाही सांगितल्या जातात. त्यांची गरज नाही. पहारेकऱ्याची नोकरी पुरेशी बोलकी आहे.

४ सप्टेंबर १९७९ रोजी ओव्हलवर सुनील गावस्करांनी सलामीला येऊन २२१ धावा केल्या. देशभर त्याच खेळीची चर्चा सुरू असताना, ७ सप्टेंबरला, पुण्यात नवले यांचे निधन झाले.